माझ्या नावाचं खोटं खातं बंद करताना

माझं सोशल मीडियावरचं खातं प्रायव्हेट आहे. तरीही माझ्या नावापुढे एक अंडरस्कोर जोडून कुणीतरी दुसरं खातं उघडलं. त्यावर मामेबहिणीच्या लग्नातले माझे नऊवारीतले फोटो आणि खाली ‘बोलायचं असेल तर मेसेज करा’. एका जुन्या सहकाऱ्याकडे तिथून पैसे मागितले गेले. पैसे न पाठवता त्याने सरळ मला फोन लावला, म्हणून हे कळलं.

मला स्वतःला ते खातं दिसतच नव्हतं. ज्याचे फोटो उचलले त्यालाच ही मंडळी आधी ब्लॉक करून ठेवतात. मग मैत्रिणीच्या फोनवरून पाहिलं.

घरच्या ग्रुपवर लगेच ‘सगळ्यांनी रिपोर्ट मारा’ सुरू झालं. मी ते आधी थांबवलं. खातं उडालं तर पोलिसांना दाखवायचं काय? हटवलेला मजकूर कंपनीने 180 दिवस जपून ठेवावा असं आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियम सांगतात, पण तो तपास यंत्रणेसाठी, आपल्यासाठी नाही. म्हणून मैत्रिणीने आणि मी बसून प्रत्येक पोस्टचा स्क्रीनशॉट काढला, तारीख-वेळ दिसेल असा. सगळं खातं खालपर्यंत सरकवत स्क्रीन रेकॉर्डिंगही केलं. प्रोफाइलची आणि प्रत्येक पोस्टची लिंक वेगळी लिहून घेतली. नुसतं खात्याचं नाव पुरत नाही, कारण समोरचा ते कधीही बदलू शकतो. सायबर पोलिसांत गेले तेव्हा हवालदारसाहेबांचा पहिला प्रश्न तोच होता, “मॅडम, लिंक आहे का?”

तक्रार आधी cybercrime.gov.in या सरकारी पोर्टलवर केली होती. तिथे महिला आणि मुलांसंबंधीच्या तक्रारींत नाव न देण्याचीही सोय आहे, पण तशा तक्रारीचं पुढे काय झालं ते आपल्याला बघता येत नाही. मी नाव देऊनच केली. आई म्हणाली, “अगं, पोलिसांत नाव कशाला?” नाव तर आधीच गावभर फिरत होतं. 1930 हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर पैसे गेले असतील तर ताबडतोब फिरवायचा. आमच्याकडे कुणाचे गेले नव्हते. माझ्या तक्रारीला आयटी कायद्याची कलमं 66सी आणि 66डी लागली, म्हणजे दुसऱ्याची ओळख चोरणं आणि तोतयेगिरी करून फसवणं. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

ॲपवरच्या तोतयेगिरीच्या फॉर्मने ओळखपत्राचा फोटो मागितला. फोटो चोरीला गेले म्हणून अजून एक फोटो द्या! मी मास्क्ड आधार दिलं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. उत्तर आलं की या खात्यात नियमभंग आढळला नाही. ते माणसाने लिहिलं असेल असं वाटत नाही.

खरा उपयोग झाला तो तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिण्याचा. 2021च्या आयटी नियमांनुसार प्रत्येक मोठ्या ॲपला भारतात असा अधिकारी नेमावा लागतो, आणि त्याचा पत्ता ॲपच्या साइटवर तळाशी कुठेतरी असतो. तोतयेगिरी, मॉर्फ केलेले (छेडछाड करून बदललेले) फोटो किंवा नग्नता असेल आणि तक्रार स्वतः त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने केली असेल, तर ते हटवायला ॲपला, मी लिहिलं तेव्हा, 24 तासांची मुदत होती. त्याच तरतुदीचा, म्हणजे नियम 3(2)(ख) चा उल्लेख करून, लिंका आणि पोलिसांच्या तक्रारीचा क्रमांक जोडून ईमेल केला. खातं गेलं. गेलं नसतं तर 30 दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करायची तयारी ठेवली होती. गूगलवर नाव शोधलं की त्या खात्याचा फोटो दिसतच होता, तो जुना मजकूर काढण्याच्या फॉर्मने गेला.

फोटो मिळाले कुठून, हे मात्र मला जास्त छळत होतं. काका म्हणाले, “टाकायचेच कशाला फोटो?” अहो काका, मी टाकलेच नव्हते. फोटोवरून शोध घेतल्यावर कळलं की बरेचसे लग्नाच्या फोटोग्राफरच्या जाहिरातीच्या पेजवर होते आणि उरलेले मावशीच्या सगळ्यांना खुल्या असलेल्या अल्बममध्ये. मावशीने एका फोनवर अल्बम बंद केला. फोटोग्राफर म्हणाला, “फोटो मी काढलेत, हक्क माझा.” कॉपीराइट कायदा 1957 चं कलम 17 वेगळं सांगतं: पैसे देऊन फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे मामा! मामांनी बुकिंगची पावती शोधून काढली, पाठीमागे बारीक अक्षरात काही अट छापली आहे का ते चष्मा पुसून पुसून तपासलं. नव्हती. मग मामांनीच त्याला फोन लावला आणि एरवी हिशेबाच्या वेळी लावतात तो आवाज लावला. संध्याकाळपर्यंत पेजवरून फोटो उतरले.

पोलिसांच्या तक्रारीत अजून कुणी सापडलेलं नाही. मध्यंतरी माझ्या घरच्या नावाने आणखी एक खातं उघडलं गेलं. ईमेलचा मसुदा तयार होता, लिंका तेवढ्या बदलल्या.