गॅदरिंगच्या विंगेतल्या ताई

डिसेंबर लागला की कोल्हापुरात कुठल्याही शाळेवरनं दुपारचं जावा, राजारामपुरी असूद्या नाहीतर मंगळवार पेठ, आतनं गाण्याचं तेच तेच कडवं ऐकू येतं, मध्येच तुटतं, मग बाईंचा आवाज, "परत पहिल्यापासनं", आणि परत तेच कडवं. गॅदरिंगची प्रॅक्टिस. आमच्या वेळी टेपरेकॉर्डर होता, कॅसेट रिवाइंड करायला एक पोरगी खास नेमलेली असायची, आता ब्लूटूथ स्पीकर आलाय, पण "परत पहिल्यापासनं" हे काही बदललेलं नाही.

आमच्या शाळेचं गॅदरिंग म्हणजे नुसते डान्स नव्हते. क्रीडा स्पर्धा, रांगोळी, हस्तकलेचं प्रदर्शन, शेवटच्या दिवशी दुपारी स्नेहभोजन, मसालेभात आणि जिलबी, आणि संध्याकाळी कार्यक्रम. पण खरं सांगायचं तर सगळी शाळा संध्याकाळसाठीच जगत असायची. ग्राउंडवर मांडव, पाहुण्यांना कोल्हापुरी फेटा, मागं वर्गात बाकं सरकवून केलेली मेकअप रूम, त्यात पावडर, गजरे, भाड्यानं आणलेल्या नऊवाऱ्या, कुणाच्या तरी आजीची खरी ठुशी आणि बाकी सगळ्यांच्या खोट्या. लेझीम, कोळीनृत्य, शेतकरी नृत्य, एक लावणी, एक देशभक्तीपर, हे ठरलेलं. हादग्याचा डान्स पण एका वर्गाचा हमखास असायचाच, मध्ये पाटावर हत्तीचं चित्र ठेवून.

आणि या सगळ्याच्या मागं, विंगेत, पदर खोचून उभ्या असलेल्या आमच्या ताई. त्या शाळेच्या शिक्षिका नव्हत्या, बाहेरनं यायच्या, फक्त गॅदरिंगपुरत्या. प्रेक्षकांना त्या कधीच दिसल्या नाहीत पण आम्हाला स्टेजवरनं कायम दिसायच्या, कारण आमचा अख्खा डान्स त्या विंगेत हातानं करायच्या, पहिली ते दहावी सगळ्या वर्गांचा, एकही स्टेप न चुकता. पहिलीतलं एखादं पोर लाइटकडं बघत उभं राहिलं की ताईंचे हात बघून परत सुरू व्हायचं. मी चौथीत असताना त्यांच्या क्लासला जायला लागले ते हे बघूनच, आणि आज मीही तेच काम करते, म्हणून आता गॅदरिंगच्या आठवणी लिहायला बसलं की नाचणाऱ्या पोरींपेक्षा त्या विंगेतल्या बाईबद्दलच जास्त सुचतं.

ताई कथकच्या. क्लास म्हणजे त्यांच्याच घराचा हॉल, शहाबादी फरशी, कोपऱ्यात नटराज. पहिलं वर्ष जवळजवळ सगळं तत्कारातच, म्हणजे पायानं बोल काढण्यातच गेलं, ता थेई थेई तत, आ थेई थेई तत, एकपट, दुप्पट, चौपट, आणि हातावर तीनतालाच्या सोळा मात्रा, टाळी कुठं, खाली कुठं. घुंगरू लगेच मिळत नसत. आईला वाटायचं पोरीला काहीच शिकवत नाहीत, कारण शेजारच्या क्लासमधली पोरं महिन्याभरात गाण्यावर नाचायला लागलेली. ताई शांतपणे सांगायच्या की पाय बसले की बाकीचं येतंय. आणि येतंच. आज मी पालकांना अगदी हेच सांगत असते, त्यांच्याही चेहऱ्यावर तीच शंका असते.

मग परीक्षा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या. प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमाच्या दोन, विशारदच्या दोन, म्हणजे वर्षाला एक दिली तरी विशारद व्हायला सात वर्षं जातात, त्यापुढं अलंकारची दोन वेगळी. फॉर्म भरून घेताना ताई दरवर्षी अभिमानानं सांगायच्या, ज्यांनी १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते पलुस्कर बुवा आपल्या कुरुंदवाडचे, आणि शिकले इथंच मिरजेत, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं. नंतर १९३१ ला मंडळ स्थापन झालं आणि त्याच मंडळाच्या परीक्षेला आज गावोगावची पोरं बसतात. लहानपणी मला लाहोर कुठं आणि कुरुंदवाड कुठं याचंच नवल वाटायचं, आता वाटतं की शिरोळ तालुक्यातल्या एका माणसानं, गुरूच्या घरी राहून वर्षानुवर्षं सेवा केल्याशिवाय न मिळणारी विद्या वर्ग आणि परीक्षा लावून सामान्य घरातल्या पोरांपर्यंत आणली, म्हणून तर माझ्यासारखी शिकू शकली.

यातली गंमत अशी की मंडळाच्या परीक्षांचं एक सत्र नोव्हेंबर-डिसेंबरला पडतं, म्हणजे ऐन गॅदरिंगच्या तोंडावर. ताईंची काय धावपळ! सकाळी एका शाळेत, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी क्लासमध्ये आमची परीक्षेची तयारी, तोडे, तिहाया, तुकडे, म्हणजे तालात बांधलेल्या छोट्या छोट्या रचना, रात्री परत कॅसेटवाल्याकडं जाऊन गाणं कट करून आणायचं. एवढं असून कुणाचा तुकडा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला नाही की लगेच कळायचं त्यांना, पाठमोऱ्या असल्या तरी.

आता जरा शिकवण्याच्या कलेबद्दल, कारण हे कुणी बोलत नाही. विशारद झालं म्हणजे नाचता येतं. शिकवता येतंच असं नाही. पोरांच्या समोर तोंड करून उभं राहिलं की त्यांचा उजवा हात तुमच्या डाव्या हाताला येतो, त्यामुळं शिकवणाऱ्यानं सगळा डान्स आरशासारखा उलटा करायचा असतो, डावा म्हणजे उजवा, गिरकी पण उलटी. सात वर्षं अंगात मुरलेलं सगळं उलटं करायचं, तेही बोल म्हणत, टाळी देत, आणि तिसऱ्या लाइनीतली दोन पोरं मारामारी करतायत ती बघत. ताई पहिलीच्या पोरांच्या उजव्या मनगटाला लाल रिबन बांधायच्या, "लाल हात वर" म्हणलं की चाळीसच्या चाळीस हात बरोबर वर. लहान पोरांना डावं-उजवं कळत नाही म्हणून ओरडण्यात काय अर्थ, रिबन बांधली की झालं. मी मुंबई-पुण्याची वर्कशॉप केली नंतर, मोठ्या लोकांची, पण त्या रिबनीएवढं चांगलं मला कुणी काही शिकवलेलं नाही.

दुसरी गोष्ट लाइनींची. उंच पोरं मागं, चांगली नाचणारी पुढं, असं सगळीकडं करतात, आणि मागच्या पोराची आई पाच वाजल्यापासनं खुर्ची धरून बसलेली असते तिला पोराचं डोकंसुद्धा दिसत नाही. ताई दर कडव्याला लाइनी फिरवायच्या. मागची पुढं, पुढची बाजूला, बाजूची मागं, खडूनं ग्राउंडवर फुल्या मारून. प्रत्येक पोर एकदा तरी पुढं आलंच पाहिजे. एकदा एका शाळेत त्यांना सांगण्यात आलं की एवढं कशाला, चार चांगल्या पोरी पुढं ठेवा की, पाहुणे मोठे आहेत. ताईंनी ऐकलं नाही. "फी कमी द्या, पण लाइनी माझ्या मी लावणार."

फीचं निघालं म्हणून सांगते. गॅदरिंगच्या पैशावर कुणाचं घर चालत नाही. त्याच शाळेनं (नाव नको) कार्यक्रमाचे पैसे मार्च संपत आला तरी दिले नव्हते, आणि त्याहून लागलेली गोष्ट म्हणजे आभार मानताना मंडपवाले, साउंडवाले, केटरर, सगळ्यांची नावं घेतली आणि वीस डान्स बसवणाऱ्या बाईंचं राहून गेलं. आम्ही पोरी रडकुंडीला आलेलो. माझी साधी मागणी आहे, पत्रिकेत "नृत्य दिग्दर्शन" अशी एक ओळ छापायला पैसे लागत नाहीत, तेवढं तरी करा.

शाळेच्या गॅदरिंगपेक्षा वेगळा दिवस म्हणजे क्लासचा वार्षिक कार्यक्रम, गुरुपौर्णिमेला. कधी शाहू स्मारकला, आणि एका वर्षी तर केशवराव भोसले नाट्यगृहात. त्या स्टेजवर पाय ठेवताना सगळ्यांनी वाकून नमस्कार केलेला. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधून पूर्ण केलेलं पॅलेस थिएटर ते, शेजारी खासबागचं कुस्तीचं मैदान, म्हणजे एका भिंतीला तालीम आणि एका भिंतीला नाटक, हे फक्त कोल्हापुरातच होऊ जाणे. ८ ऑगस्ट २०२४ ला रात्री ते पेटल्याचे व्हिडिओ आले तेव्हा आमच्या क्लासच्या जुन्या ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही बराच वेळ, मग एकीनं त्या वर्षीचा फोटो टाकला, घागऱ्यातल्या आम्ही सगळ्या, आणि मग मेसेज थांबेनातच.

त्या कार्यक्रमाला कॅसेट नसायची. तबला समोर, हार्मोनियमवर लेहरा, म्हणजे ताल धरून परत परत वाजणारी धून, आणि पढंत करायला, म्हणजे बोल म्हणायला, स्वतः ताई. मी विशारदला होते त्या वर्षी लहान पोरींचा तीनताल होता, ताईंनी ऐनवेळी मला सांगितलं, आज पढंत तू कर. स्टेजच्या कडेला बसून बोल म्हणायचे, हातानं ताल धरायचा, आणि नजर पोरींच्या पायावर. स्वतः नाचताना जे कधी दिसलं नव्हतं ते तिथं बसल्यावर दिसलं, कोण लयीत घाई करतीय, कुणाचा श्वास फुलतोय, कुणासाठी लय थोडी धरून ठेवायला पाहिजे. मी टीचर झाले ती त्या संध्याकाळी. कार्यक्रमानंतर सगळ्या खासबागला भेळ खायला, मेकअप न पुसता.

आमच्या बॅचचं पुढं काय झालं? एकजण पुण्याला विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गेली, एमए केलं, नेट दिली, आता कॉलेजात शिकवते. एक इचलकरंजीत क्लास चालवते. एकीला सीबीएसई शाळेत डान्स टीचर म्हणून नोकरी लागली, पगार ठरलेला, सुट्ट्या ठरलेल्या, पण तिथं कथक कमी आणि स्पोर्ट्स डेचे ड्रिलच जास्त असं तिचं दुखणं. आमच्यात एकच मुलगा होता, घरून विरोध, तालमीतली पोरं चिडवायची, तो आज लग्नाच्या संगीतचे डान्स बसवतो आणि आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कमावतो. त्याचं तत्कार अजून पण स्वच्छ आहे. मला त्याच्या कामाला कमी म्हणणाऱ्यांचा राग येतो, कारण पन्नाशीच्या काका-काकूंना चार दिवसांत स्टेजवर हसत उभं करणं हे पण शिकवणंच आहे.

आणि बऱ्याच जणींनी सोडलं. दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे वाढीव मार्क मिळतात, ते मिळाले की क्लास बंद, हे आता फार दिसतं. मार्कांसाठी का होईना येतायत, येऊद्यात, पण मध्यमाला आलेली, नुकती भाव दाखवायला लागलेली पोरगी थांबते तेव्हा जीव तुटतो.

गेल्या महिन्यात माझ्या क्लासमधली एक बारावीची मुलगी आईला घेऊन आली, डान्समध्येच करिअर करायचं म्हणून. आईचा प्रश्न सरळ, "मॅडम, यात पोट भरतंय का?" मी म्हणलं भरतं, पण एका कामावर नाही, क्लास, शाळा, परीक्षांची तयारी, कार्यक्रम असं सगळं मिळून भरतं, आणि पहिली चार-पाच वर्षं घरच्यांनी थांबायला पाहिजे. पदवी कर, विशारद अर्धवट सोडू नको, गुडघे सांभाळ, सिमेंटच्या फरशीवर तासन्‌तास तत्कार करू नको, जमलं तर तबल्याचं थोडं शिक. आई ऐकत होती, फार काही बोलली नाही. पोरीनं मात्र लगेच विचारलं की या वर्षी शाळेच्या गॅदरिंगला असिस्टंट म्हणून येऊ का. सोमवारपासनं येतीय. पहिलीचा वर्ग तिला दिलाय, चाळीस पोरं आहेत, लाल रिबनीचं बंडल मी आणून ठेवलंय.