वऱ्हाडी नायिका: कापूस, काटा आणि ‘येजो’

विदर्भातल्या खेड्यात घडणाऱ्या छोट्या, स्वतंत्रपणे काढलेल्या प्रेमपटात नायिकेच्या वाट्याला हमखास एक ‘वेगळी’ मुलगी येते. फटकळ, हट्टी, एखादी चमत्कारिक खोड असलेली. पहिली चूक इथेच होते. नटी ती खोड करून दाखवायला लागते, भुवया उडवते, मान झटकते, वाक्याच्या शेवटी आवाज चढवते. खोड हातातल्या कामातून आलेली असेल तरच हसू येतं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आधी काम शिकायचं, खोडीचं नंतर बघायचं.

उदाहरणादाखल अशी भूमिका धरू: मुलगी घरच्या वावरात वेचणीवर लक्ष ठेवते आणि कुणाच्याही मोजमापावर विश्वास ठेवत नाही. सगळं मोजते. बाया किती, गाठोडी किती, डब्यातल्या भाकरी किती. नायक खेडा खरेदीवाल्याकडचा, म्हणजे गावात येऊन कापूस विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याकडचा पोरगा, काटा आणि वही घेऊन गावात येणारा. या मुलीला मोजायची सवय का लागली हे प्रेक्षकाला सांगायची गरज नाही, पण नटीला ते नेमकं माहीत हवं. वेचणीची मजुरी किलोवर असते. संध्याकाळी काट्यावर पाव किलो इकडचं तिकडे झालं की बाईच्या दिवसातला तेवढा वेळ फुकट जातो. हे डोक्यात बसलं की नजर आपोआप काट्यावर जाते.

वेचणी शिकायला चार-पाच सकाळी पुरतात, पण त्या खऱ्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या उभ्या पिकात घालवाव्या लागतात. पाची बोटं बोंडाच्या बुडाशी नेऊन सगळा कापूस एका ओढीत काढायचा. नवशिकी नटी चिमटीनं ओढते, मग अर्धा कापूस बोंडातच राहतो आणि वाळलेल्या पानांचा चुरा सोबत येतो. बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या कडेला ओरखडतात. ते ओरखडे मेकअपनं झाकू नयेत, तिच्या हाताचा खरेपणा त्यांतच आहे. दोन्ही हात आळीपाळीनं चालले पाहिजेत आणि बोलताना थांबता कामा नयेत. बोलायला लागलं की हात थांबतात, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. उपाय एकच: संवाद बसून पाठ करायचे नाहीत, वेचता वेचता पाठ करायचे.

आता रीटेकचं गणित. वेचलेलं झाड परत भरत नाही. एका शॉटमध्ये नटी आठ झाडं ओलांडणार असेल आणि सहा टेक होणार असतील, तर ४८ भरलेली झाडं लागतात, आणि तालमीसाठी वेगळं तास, म्हणजे झाडांची वेगळी ओळ. कॅमेऱ्यासमोरची तासं आदल्या दिवशी काठीला चिंधी बांधून राखून ठेवायची आणि तिथे कुणाला वेचू द्यायचं नाही. कापूस बोंडात परत खोचून लांबच्या शॉटमध्ये निभावतं, जवळच्या शॉटमध्ये मात्र पाकळ्या विस्कटलेल्या लगेच दिसतात. वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन पुढे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत टप्प्याटप्प्यानं चालते. मधल्या वेचणीचे दिवस चित्रीकरणाला सर्वांत चांगले, कारण तेव्हा झाडावर हिरवी बोंडं आणि फुटलेला कापूस दोन्ही असतात. आणि शेतमालकाचा वेचलेला कापूस त्याला स्वच्छ परत मिळालाच पाहिजे. पायदळी गेलेल्या कापसाचे पैसे आधीच ठरवून द्यावेत.

सकाळी सात ते नऊचं ऊन सगळ्यांना हवं असतं. पण तेव्हा पऱ्हाटीवर दव असतं, आणि ओला कापूस साठवला की पिवळा पडतो, म्हणून जाणती बाई दव उडाल्यावरच हात घालते. कोवळ्या उन्हात नायिकेला वेचताना दाखवलं की गावातला प्रेक्षक तिथेच तुटतो. त्या वेळात धुऱ्यावरून (बांधावरून) येणं, डबा झाडाला टांगणं, डोक्याला दुपट्टा बांधणं असे प्रसंग घ्यावेत.

कपड्यांत एकच गोष्ट महत्त्वाची: साडी किंवा सलवारवरून घातलेला पुरुषी, पूर्ण बाह्यांचा जुना सदरा. वावरात बाया तो घालतातच, ऊन आणि ओरखडे दोन्ही अडतात. नवा आणला तर आठ-दहा वेळा धुऊन उन्हात वाळवावा, खांद्यावर रंग उडाला पाहिजे. याच सदऱ्याखाली माइकचा ट्रान्समीटर लपतो. माइक मात्र बटणपट्टीजवळ लावू नये, घासल्याचा आवाज येतो. छातीच्या मध्यावर, आतल्या कपड्याला, दवाखान्यातली कागदी चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी लावून बसवावा. काचेच्या बांगड्या हा जागेवर आवाज घेणाऱ्याचा खरा शत्रू. काढून टाकल्या तर हात परका दिसतो. दोन-दोन बांगड्या मनगटाच्या आतल्या बाजूनं त्याच रंगाच्या दोऱ्यानं बांधल्या की किणकिण थांबते आणि दिसतही नाही.

स्कूटीवरचे प्रसंग सोपे. पोरी चेहऱ्याला दुपट्टा गुंडाळूनच गाडी चालवतात, ओठ दिसत नाहीत, संवाद नंतर बसवता येतात. फक्त सगळा अभिनय डोळ्यांवर येतो, म्हणून ते नीट टिपता यावेत यासाठी गाडीचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आत ठेवावा.

बोलीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. मराठी पडद्यावर ‘गावची मुलगी’ म्हटलं की नकळत सातारा-कोल्हापूरची बोली येते: ‘न्हाय’, ‘आवं’. ते विदर्भात चालत नाही. वऱ्हाडीत ‘मला’चं ‘मले’ होतं, ‘का’चं ‘काहून’, ‘करतेय’चं ‘करून रायली’. ‘डोळे’चे ‘डोये’ होतात, ‘शाळा’ची ‘शाया’. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत तोच ‘ळ’ ‘र’ होतो, म्हणून गोष्ट अमरावतीकडची आहे की गडचिरोलीकडची हे संहितेच्या पहिल्या पानावर ठरलेलं असावं. कित्येक गावांत बायाही ‘मी जातो’, ‘मी करतो’ म्हणतात. बाहेरून आलेला माणूस ते ‘दुरुस्त’ करायला जातो. करू देऊ नये.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक वाक्याला ‘बे’ आणि ‘बाप्पा’ चिकटवणं. ‘बे’ बरोबरीच्याला, तोही भांडणात किंवा दोस्तीत. बाईला ‘वो’, पुरुषाला ‘गा’. आणि शिकलेली मुलगी एकाच दिवसात दोन भाषा बोलते, आईशी वऱ्हाडी, बँकेत पुस्तकी. रागावली की बँकेतही वऱ्हाडी येते. या एका घसरणीत जेवढा विनोद आहे तेवढा लिहिलेल्या कोट्यांत नसतो.

झाडीपट्टी रंगभूमीवरची नटी या कामासाठी निवडावी का? माझ्या मते जरूर. रात्र-रात्र चालणाऱ्या नाटकांनी तिची पाठांतराची आणि हजरजबाबीपणाची तयारी करून घेतलेली असते. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाल्यावर बाहेरच्यांचंही या रंगभूमीकडे लक्ष गेलं. पण दोन अडचणी आहेत. तिथला हंगाम दिवाळीनंतर होळीपर्यंत, म्हणजे नेमका वेचणीचाच. नाटक पहाटे संपतं, त्या दिवशी सकाळी तिला सेटवर बोलावणं म्हणजे तिचाही छळ आणि कामाचाही नास. या रंगभूमीचं केंद्र असलेल्या वडसाच्या नाट्यमंडळांच्या तारखा ठरायच्या आतच आपल्या तारखा तिच्याशी बोलून घ्याव्यात. दुसरी अडचण टाळ्यांची. रंगमंचावर हशा पिकला की नटी थांबते आणि हशा ओसरला की पुढचं वाक्य टाकते. कॅमेऱ्यासमोर हशा नाही, पण थांबायची सवय राहते आणि प्रसंगात भोकं पडतात. त्यावर तालीम अशी: तोच प्रसंग दुप्पट वेगानं, सपाट आवाजात तीनदा म्हणायचा, मग नेहमीच्या वेगात.

काट्याचा प्रसंग घेऊन हे सगळं एकत्र पाहू. नायक गाठोडं अडकवतो, वहीत ‘साडेबारा’ लिहितो. ती म्हणते, “साडेबारा नाई, बारा किलो नऊशे हाय. डोये उघडून पाह्य.” तो म्हणतो, “मले शिकवून रायली काय?” इथे नटीनं त्याच्याकडे बघायचंच नाही. आकड्याकडे बघायचं, मग वहीकडे, मग पुन्हा आकड्याकडे. त्याच्याकडे पहिली नजर जाते ती तो ‘साडेबारा’ खोडून ‘बारा नऊशे’ लिहितो तेव्हा, तीही अक्षर कसं काढतो ते पाहायला. प्रेम इथेच सुरू होतं, आणि ते प्रेक्षकाला तिच्या आधी कळतं.

हा प्रसंग आधी दोघं एकत्र दिसतील असा घ्यावा आणि त्यात एकमेकांच्या वाक्यावर वाक्य चढू द्यावं, भांडण जिवंत वाटतं. नंतर एकेकट्याचे जवळचे शॉट घेताना मात्र दोन वाक्यांत अर्ध्या सेकंदाची फट ठेवावी. आवाजावर आवाज चढला तर संकलनात ते वेगळे करता येत नाहीत. गाठोडं पहिल्या शॉटमध्ये खऱ्या वजनाचंच हवं. चुंबळीवर तेरा किलो घेऊन चालताना मान ताठ आणि कंबर स्थिर राहते, आणि गवत कोंबलेलं हलकं गाठोडं घेतलं की चाल उड्या मारते. जवळच्या शॉटला त्याच कापडात तीन-चार किलो भरावे, सहाव्या टेकनंतर मानेचं दुखणं सुरू होतं. काटा दिसतो तिथे मात्र खऱ्या वजनाचंच गाठोडं हवं आणि आकडा दर टेकला तोच दिसायला हवा, म्हणून त्या गाठोड्याची गाठ सुटू देऊ नये आणि कुणी एक मूठ कापूसही काढू नये.

शेवटी प्रेमाची कबुली. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य संहितेत असेल तर ते काढायला सांगायचा नटीला पूर्ण हक्क आहे, कारण ते या मुलीच्या तोंडी बसत नाही. तिच्याकडे ‘येजो’ आहे. वऱ्हाडीत पुढच्या वेळेसाठी सांगताना ‘ये’ नाही, ‘येजो’ म्हणतात. “उद्या बजार हाय. येजो.” आखूड म्हटलं तर ते काम सांगणं होतं, ‘जो’ जरासा लांबला तर बोलावणं. दोन्ही प्रकारे तीन-तीन टेक घ्यावेत, हात मात्र दोन्हीत गाठोड्याची गाठ आवळतच राहिले पाहिजेत.