परदेशातलं रोजगार कार्यालय बघायला जाताना

ठाण्यातल्या रोजगार मेळाव्यात मुलाच्या हाती निवडपत्र पडतं, तीन दिवस तो तुर्भ्याच्या कंपनीत जातो आणि चौथ्या दिवशी घरी बसतो. मेळाव्याच्या अहवालात मात्र तो ‘निवड झालेला’च राहतो. जर्मनी, जपान किंवा फिनलंडची रोजगार यंत्रणा पाहायला निघालेल्या समुपदेशकांनी आणि आयटीआयच्या शिल्पनिदेशकांनी हा चौथा दिवसच सोबत न्यावा. तुमच्याकडे अशा मुलाचं पुढे काय होतं, कोण विचारतं, कधी विचारतं? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावं.

त्यांच्या आकड्यांनी भारावून जाण्याआधी एक फरक ध्यानात ठेवायला हवा. जर्मनीची ‘बुंडेसागेंटुर’ काय किंवा जपानचं ‘हॅलो वर्क’ काय, या तिथल्या सरकारी रोजगार यंत्रणा; बेकारी विम्याचं कामही त्याच यंत्रणेकडे आहे. भत्ता हवा असेल तर नोंदणी आणि ठरलेल्या भेटी टाळता येत नाहीत, त्यामुळे माणूस परत परत येतो. आपल्याकडे नाव नोंदवून असा भत्ता सुरू होत नाही. १९५९ च्या कायद्यापासून मालकावर बंधन आहे ते रोजगार कार्यालयाला रिक्त पद कळवण्याचं. यादीतलाच माणूस घ्या, असं कायदा म्हणत नाही. म्हणून त्यांची टक्केवारी आपल्या टक्केवारीशेजारी मांडू नये. ‘नोकरी लागली’ हे रुजू झाल्या दिवशी मोजता की सहा महिन्यांनी, हे आधी विचारावं.

पाच दिवसांच्या दौऱ्यात दोन कार्यालयं पुरेत, माणसं सहाच्या वर नकोत. बहुतेक दौरे बिघडतात ते सभागृहात: स्वागत, प्रेझेंटेशन, जेवण, पुन्हा प्रेझेंटेशन. पहिली सकाळ थेट काउंटरजवळ मागून घ्यावी. युरोपात खासगी माहितीचे नियम कडक आहेत; उमेदवाराच्या संमतीशिवाय समुपदेशनाला बसू देत नाहीत, फोटोही काढू देत नाहीत. ही विनंती महिनाभर आधी गेली पाहिजे. नाहीच जमलं तर आपलीच एक फाईल घेऊन जावी: दिघ्यातला १९ वर्षांचा मुलगा, दहावी नापास, सहा महिने पॅकिंगचं काम, आता वेल्डिंग शिकायचंय. नाव काल्पनिक ठेवावं आणि तिथल्या समुपदेशकाला सांगावं, याला आमच्यासमोर हाताळून दाखवा. तासाभरात पन्नास स्लाइडपेक्षा जास्त कळतं. व्यवसायांची नावं भाषांतरात घोळ घालतात, तेव्हा कोड वापरावा. आपल्या एनसीओ २०१५ ची, म्हणजे व्यवसायांच्या राष्ट्रीय वर्गीकरणाची, रचना आंतरराष्ट्रीय वर्गीकरणावर बेतलेली आहे. वेल्डर म्हणजे ७२१२, हे तिकडेही कळतं.

जर्मनीत ‘बिझ’ नावाची व्यवसाय माहिती केंद्रं सगळ्यांसाठी मोफत खुली असतात. मुलं काय उघडून बघतात आणि कुठे अडतात, हे तिथे नुसतं बसून पाहावं. कंपनीत काम आणि शाळेत शिक्षण असं दुहेरी प्रशिक्षण बघायला मोटारींचा प्रचंड कारखाना मागू नये. आपल्याकडे वागळे इस्टेट आणि रबाळ्यात छोटी युनिट्स भरपूर आहेत, तेव्हा जर्मनीतलंही दहा-पंधरा माणसांचं वर्कशॉप मागावं. मुलाचा करार कंपनीशी, आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसाय शाळा, साधारण तीन ते साडेतीन वर्षं. प्रश्न हा की शिकवणाऱ्या उस्तादाचा वेळ कोणाच्या खर्चात धरतात. आपल्याकडे शिकाऊ उमेदवार कायद्याच्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घ्यावे लागतात. त्याहून छोटी युनिट्स का बिचकतात, याचं उत्तर बहुधा या खर्चातच असतं. जर्मनीत प्रशिक्षणाचं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं, म्हणून दौऱ्याला सप्टेंबर उत्तम.

महापालिकेच्या लोकांनी फिनलंड निवडावं. जानेवारी २०२५ पासून तिथे रोजगार सेवा सरकारकडून नगरपालिकांकडे आल्या आहेत, आणि तिशीच्या आतल्यांसाठीच्या ‘ओह्यामो’ केंद्रांत रोजगार, समाजसेवा, युवक मार्गदर्शन एकाच छताखाली मिळतं.

कागदपत्रांत सर्वांत जास्त घात होतो. राहणं-जेवण यजमान देणार असतील तर सरकारी नोकरासाठी ते ‘परदेशी आदरातिथ्य’ ठरतं. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याच्या, कलम ६ खाली फॉर्म एफसी-२ भरून केंद्राची पूर्वपरवानगी लागते. सरकारी आयटीआयचे निदेशकही त्यात येतात. जर्मनी-फिनलंडसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. किमान ३०,००० युरोचा विमा हवा. विभागाचं ना-हरकत पत्र रखडलं की पुढचं सगळंच रखडतं, म्हणून सुरुवात त्या पत्रापासून.

परतभेटीला यजमान इकडे आले की त्यांना एसी हॉलमध्ये कोंडू नये. ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीला न्यावं, एपीएमसीत माथाडींच्या टोळ्या दाखवाव्यात. १९६९ च्या कायद्याने माथाडी मंडळात कामगाराचीही नोंद होते आणि मालकाचीही. मालकाकडून मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, मंडळाकडे जमा होते. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून उभी राहिलेली ही व्यवस्था अभिमानाने समजावून सांगण्याजोगी आहे. सकाळी आठच्या आत एखादा कामगार नाकाही दाखवावा.

परतल्यावर चाळीस पानी अहवालाआधी एक काम करावं. मेळाव्याच्या फॉर्मवर तीन रकाने वाढवावेत: चौथा दिवस, तिसावा दिवस, नव्वदावा दिवस. प्रत्येकापुढे फोन करणाऱ्याचं नाव लिहावं. पहिल्या फोनवर एवढंच विचारावं: आज कामावर गेलास का, आणि नसशील तर कशामुळे?