अम्मीच्या रोज्यांचा फिदिया

अम्मीचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा घरात सगळ्यात अवघड बोलणं पैशाचं झालं नाही, रोज्यांचं झालं. आठवड्यातून तीनदा मशीनवर जायचं, पाणी मोजून प्यायचं, भाजी उकळून तिचं पाणी ओतून द्यायचं, हे सगळं तिनं मुकाट्यानं मान्य केलं. पण "आता रोजे धरायचे नाहीत" असं डॉक्टर म्हणाले आणि ती घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. लहानपणी पहिला रोजा धरल्यापासून आजारपण आणि बाळंतपणं सोडली तर तिचा रमजान कधी चुकला नव्हता.

मिरज दवाखान्यांचं गाव आहे, दुसरं मत घ्यायला लांब जावं लागत नाही. दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं एकच आलं. किडनी काम करत नसलेल्या माणसानं दिवसभर कोरडं राहून मग संध्याकाळी इफ्तारला आणि पहाटे सहेरीला भरभरून पाणी प्यायलं तर ते अंगात साठतं, छातीत उतरतं आणि दम लागतो. शिवाय अम्मीला साखर आहे, दिवसा ती एकदम खाली जाण्याची भीती. रोजा सोडायचा खजूरसुद्धा तिला चालत नाही, कारण त्यात पोटॅशियम फार असतं. अम्मीला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. म्हणाली, "रोजा नाही तर नाही, खजूरपण नाही?"

नातेवाइकांचा सल्ला लगेच सुरू झाला. कुणी म्हणालं साठ माणसांना जेवण घाला, कुणी म्हणालं मशिदीच्या बांधकामाला पैसे द्या, कुणी म्हणालं हिवाळ्यात धरून टाकू दे. मी 2025 च्या रमजानच्या आधी आमच्या भागातल्या मुफ्तीसाहेबांकडे, म्हणजे धर्माचे नियम सांगणाऱ्या जाणकारांकडे, जायला निघालो. अम्मी म्हणाली, मला स्वतःला विचारायचंय. मग मी, अम्मी आणि तान्ह्याला घेऊन माझी बायको, असे सगळेच गेलो.

मुफ्तीसाहेबांनी आधी रकमेचं काहीच सांगितलं नाही, प्रश्न विचारले. आजार बरा होण्यासारखा आहे का? डॉक्टर भरवशाचे आहेत का? हिवाळ्यात दिवस लहान असतो, तेव्हा एकेक करून रोजे जमतील का? शेवटच्या प्रश्नाला मी डॉक्टरांचं उत्तर आधीच घेऊन गेलो होतो. आपल्याकडे डिसेंबरचा दिवस जूनच्या दिवसापेक्षा सुमारे दोनच तासांनी लहान असतो, अम्मीच्या प्रकृतीला तेवढ्यानं फरक पडत नाही. मग त्यांनी कुराणातल्या सूरह बकराची 184 वी आयत वाचून तिचा अर्थ सांगितला. जो आजारी किंवा प्रवासात असेल त्यानं राहिलेले रोजे दुसऱ्या दिवसांत भरून काढावेत, आणि ज्यांना ते झेपतच नाहीत त्यांनी फिदिया म्हणून एका गरिबाला जेवू घालावं. म्हणजे पुढे बरं होण्याची आशा असेल तर कजा, तेवढे रोजे नंतर धरायचे. आशाच नसेल तर फिदिया. अम्मीचं दुसरं.

उठायची वेळ झाली तरी अम्मी उठेना. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आणि मी मोडलेले रोजे?" आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. डायलिसिसच्या आधीची काही वर्षं, साखर नवीन असताना, दुपारनंतर असरच्या नमाजच्या सुमाराला तिचे हातपाय थरथरायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि ती स्वयंपाकघरात साखरेचं पाणी पिऊन रोजा मोडायची. कुणाला कळू नये म्हणून संध्याकाळी मगरिबला, रोजा सोडायच्या वेळी, आमच्याबरोबर दस्तरखानावर बसायची. तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की रमजानचा रोजा हातानं मोडला म्हणजे सलग साठ रोजे. असे किती साठ आपल्या माथ्यावर आहेत, याच काळजीत तिनं ती वर्षं काढली होती.

मुफ्तीसाहेब पुढे सरकून म्हणाले, "अम्मा, आजारानं मोडलेल्या रोज्याला कफ्फारा नाही. जीव घाबरा झाला तर मोडायची परवानगी आहे, जिवावर बेतलं तर मोडणं जरुरीच आहे. तुमच्यावर एकाला एक एवढीच कजा होती, आणि आता ती जमत नाही म्हणून तिचाही फिदिया." कफ्फारा, म्हणजे रोजा मोडल्याचं प्रायश्चित्त, कुणाला, तेही त्यांनी समजावलं. आम्ही हनफी पंथाचे. हनफी मसल्यात, म्हणजे त्या पंथाच्या नियमात, धडधाकट माणसानं रमजानच्या रोज्याची नियत करून, काही कारण नसताना, जाणूनबुजून खाल्लं, प्यायलं किंवा नवरा-बायकोचा संबंध ठेवला तर. त्याला सलग साठ रोजे, आणि तेही झेपत नसतील तर साठ गरिबांना दोन वेळचं पोटभर जेवण.

मग त्यांनी पैगंबरसाहेबांचे सोबती हजरत अबू हुरैरा यांची हदीस, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या वागण्या-बोलण्याची आठवण, सांगितली. एक माणूस पैगंबरसाहेबांकडे आला आणि म्हणाला, मी बरबाद झालो, रोज्यात बायकोजवळ गेलो. पैगंबरसाहेबांनी विचारलं, गुलाम आझाद करशील? ऐपत नाही. सलग दोन महिने रोजे? जमणार नाही. साठ गरिबांना जेवण? तेही नाही. तेवढ्यात खजुरांची टोपली आली. हे घे, दान कर. तो म्हणाला, सगळ्या मदिन्यात माझ्या घरापेक्षा गरीब कोण आहे? पैगंबरसाहेब दात दिसेपर्यंत हसले आणि म्हणाले, जा, तुझ्याच घरच्यांना खाऊ घाल. ही हदीस मी कितीदा तरी ऐकली होती. अम्मीनं ती पदरानं डोळे पुसत ऐकली.

आता हिशोब. हनफी मसल्यात एका रोज्याचा फिदिया ईदला गरिबांना देतात त्या फितऱ्याएवढाच असतो: गहू असेल तर अर्धा साअ (हे जुनं माप), म्हणजे सुमारे 1.633 किलो, जव, खजूर किंवा मनुका असतील तर पूर्ण साअ, सुमारे 3.27 किलो. किंवा त्याची किंमत. आमच्याकडे बरेच जण गव्हाचे पावणेदोन ते दोन किलो धरतात, म्हणजे कमी पडायला नको. त्या रमजानचे रोजे 29 झाले, दोन किलोनं 58 किलो गहू. ज्वारीचं मी मुद्दाम विचारलं, कारण आमच्याकडे गरिबाच्या घरात पोळीपेक्षा भाकरीच जास्त. उत्तर मिळालं की ज्वारी, तांदूळ ही धान्यं वजनानं मोजायची नाहीत. तेवढ्या गव्हाच्या किमतीत जितकी ज्वारी येईल तितकी द्यायची. अम्मीनं मनुकांचं ऐकलं आणि म्हणाली, "तासगावचा बेदाणा जगात जातो, आणि आपण गव्हानं हिशोब करायचा?" ज्याला परवडतं त्यानं बेदाण्याच्या हिशोबानं जरूर द्यावा, गरिबाच्या हातात कितीतरी जास्त पडतं. आमच्या घरात दवाखान्याचा खर्च आहे. आम्ही फिदिया गव्हानं धरला आणि प्रत्येक घराला थोडा बेदाणा वरून दिला, तो नफली, म्हणजे आपखुशीचा.

जुन्या रोज्यांची मोजणी जास्त अवघड गेली. कुठे लिहिलेलं नव्हतं. अम्मी वर्षं आठवताना आकड्यांनी आठवत नाही, घडलेल्या गोष्टींनी आठवते. 2019 चा महापूर ऑगस्टमध्ये आला, त्याच्या आधीचा मे महिन्यातला रमजान. लॉकडाऊनचा, एप्रिल-मे 2020 चा, तरावीह, म्हणजे रमजानची रात्रीची नमाज, घरात पढलो तो. बहिणीच्या लग्नाआधीचा. एकेक रमजान धरून ती सांगत गेली, मी वहीत मांडत गेलो, आणि जिथे तिला खात्री नव्हती तिथे जास्तीचा आकडा धरला. मुफ्तीसाहेबांनीच तसं सांगितलं होतं: मन भरेल इतका अंदाज बांधा, पण कमी बांधू नका.

याच बैठकीत माझ्या बायकोचाही प्रश्न निघाला. बाळ अंगावर पितं, दूध कमी पडेल म्हणून तिचे रोजे राहणार होते, आणि अम्मीबरोबर आपलाही फिदिया देऊन मोकळं व्हावं असा तिचा विचार होता. तसं होत नाही. तिची अडचण तात्पुरती, म्हणून तिच्यावर कजा. पण ती चिपळूणची, कोकणी मुसलमान शाफई असतात, आणि शाफई मसल्यात फक्त बाळाच्या काळजीनं रोजा सोडला तर कजेबरोबर रोजचा एक मुद धान्य गरिबाला द्यावं लागतं, साधारण पाऊण किलो धरा. शिवाय काही कारण नसताना ती कजा पुढच्या रमजानच्या पलीकडे ढकलली तर रोज्यामागे आणखी एक मुद. आमच्या हनफी घरात यातलं काहीच नाही, नुसती कजा. मी म्हटलं, तुझ्या मजहबाप्रमाणे तू दे. तिनं तांदळानं दिलं.

फिदिया कुणाला द्यायचा याचे नियम जकातीसारखेच, म्हणजे ऐपत असलेल्यावर फर्ज असलेल्या वार्षिक दानासारखेच. आई-वडील, मुलं-नातवंडं, नवरा-बायको यांना नाही. सय्यद घराण्यातल्यांना नाही. ज्याच्याकडे गरजेपेक्षा जास्त निसाबाएवढी, म्हणजे 612 ग्रॅम चांदीच्या किमतीची मालमत्ता आहे, त्याला नाही. मशिदीच्या बांधकामाला, पंख्याला, रंगाला तर मुळीच नाही, कारण धान्य किंवा पैसा गरिबाच्या हातात, त्याच्या मालकीचा होऊन पडला पाहिजे. गरजू सख्ख्या भावा-बहिणीला मात्र चालतो, हे फार लोकांना माहीत नसतं. अम्मीनं तिच्या एका विधवा बहिणीला पहिला हिस्सा दिला. एरवी ती बहीण कुणाचं काही घेत नाही.

पैसे मी देणार होतो, अम्मीनं ऐकलं नाही. तिच्या इजाजतीनं मुलानं दिले तरी फिदिया होतो, हे मुफ्तीसाहेबांकडून तिनंच ऐकलं होतं. तरी भिशीचे पैसे पुढे ठेवले. "रोजा माझा होता," एवढंच म्हणाली. लक्ष्मी मार्केटच्या बाजूच्या ओळखीच्या दुकानातून गहू घेतला, पोती घरी उतरवली. मी म्हटलं पैसेच वाटू, सोपं पडेल. ती म्हणाली, पैसा घरात आला की कर्जाला जातो, गहू आला की चुलीला लागतो. बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाणाऱ्या दोन बायका आमच्या गल्लीत आहेत, एक जण हळदीच्या गोदामात हमाली करून लकवा झालेला. प्रत्येकाच्या घरी गहू मोजून दिला. मशीनचा दिवस नसेल तेव्हा अम्मी स्वतः रिक्षातून बरोबर यायची, आणि हा फिदियाचा आहे असं कुणाला बोलून दाखवायचं नाही अशी आम्हाला ताकीद होती. नियत देणाऱ्यानं करायची, घेणाऱ्याला सांगायची गरज नाही.

एक गोष्ट अजून उघडी आहे. अम्मीला किडनी देता येईल का म्हणून माझ्या भावाच्या तपासण्या चालू आहेत. प्रत्यारोपण झालं आणि पुढे डॉक्टरांनी रोज्याची परवानगी दिली, तर दिलेला फिदिया नफली दान होतो आणि तिला जमतील तितक्या रोज्यांची कजा पुन्हा तिच्यावर येते. हे ऐकून मी जरा धास्तावलो. अम्मीचा चेहरा मात्र उजळला. वही जपून ठेवायला तिनंच सांगितलं. आणि तसं झालं नाही तर राहिलेल्या रोज्यांचा फिदिया तिच्या मागे तिच्या मालमत्तेच्या एक तृतीयांशातून द्यावा, अशी वसीयतही, म्हणजे मृत्युपत्र, लिहून घ्यायला लावली. त्या वसीयतीवर दोन शेजाऱ्यांच्या सह्या झाल्या आहेत. पुढच्या रमजानचा फिदिया आधीच देऊन टाकू का, असं मी विचारलं होतं. महिना सुरू होण्याआधी दिलेला चालत नाही, सुरू झाल्यावर सगळ्या महिन्याचा एकदम दिला तरी चालतो. म्हणून दुकानदाराला फक्त सांगून ठेवलंय, गहू चंद्र दिसल्यावर उचलू.