ओसरीवरची गिटार : मिसिसिपी जॉन हर्ट

फोंडा तालुक्यात वाढलेल्या माणसाला केसरबाई केरकर कोण हे सांगावे लागत नाही. केरी हे त्यांचे गाव आमच्या घरापासून जवळच आहे, आणि १९७७ साली अमेरिकेने अंतराळात धाडलेल्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीत त्यांची भैरवी आहे, ही गोष्ट आमच्या शाळेतल्या मास्तरांनी दरवर्षी न चुकता सांगितली. काही वर्षांपूर्वी त्या तबकडीवर बाईंच्या सोबतीला आणखी कोण कोण आहे ते पाहावे म्हणून मी यादी उघडली, तेव्हा तीत ब्लाइंड विली जॉन्सन या टेक्सासच्या अंध गायकाचे नाव दिसले. १९२७ साली ध्वनिमुद्रित झालेल्या त्याच्या त्या गाण्यात शब्द नाहीत. तारांवरून सूर घसरवत नेत तो नुसता हुंकारतो. त्या हुंकाराच्या मागोमाग मी ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्याच्या, वाटेला लागलो, आणि त्या वाटेवर जो माणूस माझ्या मनात घर करून बसला तो जॉन्सन नव्हे, तर मिसिसिपी राज्यातला एक शेतकरी होता.

जॉन हर्टचे जन्मसाल कोणी १८९२ देतात, कोणी १८९३. १८९२ हे धरले, तर तो केसरबाईंच्याच वयाचा. मिसिसिपीच्या सपाट, कापसाच्या मुलुखाला जिथे टेकड्या लागतात, तिथल्या अ‍ॅव्हलॉन नावाच्या खेड्यात तो वाढला. शाळा दहाव्या वर्षाच्या सुमाराला सुटली आणि शेतमजुरी सुरू झाली. त्याआधी, नऊ वर्षांचा असताना, त्याच्या आईने त्याला दीड डॉलरची जुनी गिटार घेऊन दिली होती. शिकवायला कोणी नव्हते. शाळेतल्या शिक्षिकेकडे येणारा एक गृहस्थ हर्टच्या घरी मुक्कामाला असे आणि त्याच्याजवळ गिटार असे. तो झोपला की पोरगा ती हळूच काढून वाजवी. हर्टचा आवाज आणि हात दोन्ही जन्मभर हलके राहिले, याचे मूळ त्या चोरून वाजवण्यात असावे असा आपला माझा तर्क आहे. मिसिसिपीचे इतर नामांकित गवई घसा खरडून गातात आणि तारा ओरबाडतात. हर्टचे गाणे मात्र ओसरीवर बसून, घरातले मूल जागे होऊ नये अशा बेताने गायल्यासारखे वाटते.

त्याला ब्लूज गायक म्हणणेही काटेकोरपणे पाहता अपुरेच आहे. खून-मारामाऱ्यांचे पोवाडे, देवाची गाणी, नाचाच्या चाली, थोडे चावट विनोद आणि थोडे ब्लूज असा त्याचा सगळा साठा होता. गावात शनिवारी रात्री लोक जमत, तेव्हा जे लागेल ते तो वाजवीत असे. असे वाजवणारे आमच्याकडेही असतात आणि त्यांना कोणी कलावंत म्हणत नाही. माझे थोरले काका दिवसा कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळींना पाणी लावतात आणि चवथीला घरोघरच्या आरत्यांना घुमट हे मातीच्या भांड्याचे तालवाद्य वाजवतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमट हे राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले, ती बातमी मी त्यांना वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी फक्त एवढेच विचारले की मग आता घुमटाला चामडे कुठले मिळणार ते त्यात लिहिले आहे का. पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. त्यावर कायद्याने बंदी आल्यापासून बकऱ्याचे लावतात आणि त्याचा नाद काकांना अजून पटलेला नाही.

हर्टच्या शेजारी विली नार्मर नावाचा एक गोरा फिडलवाला, म्हणजे व्हायोलिन वाजवणारा, होता आणि त्याच्या साथीला हर्ट कधी कधी वाजवीत असे. काळ्या-गोऱ्यांना एका बाकावर बसू न देणाऱ्या त्या राज्यात नाचाच्या वेळी हे कसे चाले, याचे मला कुतूहल वाटत आले आहे. फिडलच्या चढाओढीत जिंकून नार्मरला ओके या कंपनीसाठी ध्वनिमुद्रणाची संधी मिळाली, तेव्हा त्याने कंपनीच्या माणसाला हर्टचे नाव सुचवले. फेब्रुवारी १९२८ मध्ये मेम्फिसला आठ गाणी ध्वनिमुद्रित झाली, त्यांतली दोनच बाजारात आली. मोठ्या थोरल्या दालनात खुर्चीवर बसवून त्याच्या तोंडाला मायक्रोफोन लावला होता आणि जागा एकदा ठरल्यावर मान जरासुद्धा हलवायची नाही अशी ताकीद होती. पुढे कित्येक दिवस मान दुखत होती, अशी आठवण त्याने म्हातारपणी सांगितली. डिसेंबरात त्याला न्यूयॉर्कला बोलावले. त्या परक्या, थंड शहरात घराची ओढ लागून त्याने गावाचे नाव घालून ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’ हे गाणे केले आणि तेही मुद्रित झाले. तबकड्या खपाव्यात म्हणून त्याच्या नावामागे ‘मिसिसिपी’ कंपनीनेच चिकटवले. मग मंदीची लाट आली, ओके कंपनी तीत गेली, आणि हर्ट दुसऱ्याच्या जमिनीत अर्ध्या वाट्याने राबायला अ‍ॅव्हलॉनला परत गेला.

या माणसाच्या बोटांविषयी लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. तो अनामिका आणि करंगळी गिटारीच्या अंगावर टेकवून ठेवतो. अंगठा खालच्या सुरांच्या, जाड तारांवर एकाआड एक असा सारखा चालत राहतो, तो ठेका. उरलेली दोन बोटे वरच्या सुरांच्या बारीक तारांवर गाण्याची चाल काढतात आणि ती अंगठ्याच्या मात्रेवर कधी पडतात, तर बहुतेक वेळा दोन मात्रांच्या मधल्या पोकळीत पडतात. ऐकायला हे इतके सोपे वाटते की म्हापशाच्या दुकानातून गिटार आणली त्याच दिवशी येईल अशा समजुतीत मी होतो. प्रत्यक्षात अंगठा एकटा असला की सरळ चालतो आणि बोटे सुरू झाली की त्यांच्या मागे धावतो. सहा महिने माझा अंगठा असाच भरकटत राहिला. त्यातच पहिल्या पावसाळ्यात दमटपणाने गिटारीचे लाकूड फुगले, तारा वर उचलल्या गेल्या आणि दाबताना बोटांची साले निघाली. (आता आषाढ-श्रावणात मी ती ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह पेटीत ठेवतो, नव्याने घेणाऱ्या गोवेकरांनी हे पहिल्या दिवसापासूनच करावे.)

तो अंगठा मला शेवटी काकांमुळे कळला. एका संध्याकाळी ते ओसरीवर सुपाऱ्या निवडीत बसले होते आणि मी मोबाईलवर हर्टचे १९२८ सालचे गाणे लावले होते. इंग्रजी त्यांना समजत नाही. दोन कडवी होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग सुपारी खाली ठेवून त्यांनी उजव्या हाताने मांडीवर ठेका धरला आणि डावा तळवा, घुमटाचे मागचे तोंड उघडझाप करतात तसा, हवेत हलवू लागले. घुमटाचे एक तोंड चामड्याने मढवलेले असते आणि दुसरे, लहान, मोकळे. वाजवणारा एका हाताने चामड्यावर थाप देतो आणि दुसऱ्या हाताने ते मोकळे तोंड झाकून-उघडून नाद वळवतो. दोन हातांची दोन कामे, पण चाल एक. काका म्हणाले, “हो नाचाक वाजोवपी मनीस, पळे.” म्हणजे, हा नाचाला वाजवणारा माणूस, बघ. घरचे बोलणे कोंकणीतले, म्हणून त्यांचे शब्द तसेच ठेवले आहेत. हर्ट नाचांना वाजवीत असे, हे मी तोवर त्यांना सांगितलेले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून मी बोटांचा नाद सोडला आणि महिनाभर फक्त अंगठाच चालवला, पाय जमिनीवर आपटीत.

१९२८ नंतरच्या पस्तीस वर्षांना हर्टवर लिहिणारे बहुतेक जण ‘हरवलेली वर्षे’ म्हणतात. मला ते पटत नाही. तो कुठेही हरवलेला नव्हता. होता तिथेच, त्याच गावात, बायको जेसीबरोबर, कापूस आणि गुरे सांभाळीत होता. हरवली होती ती त्याची तबकडी ऐकणारी माणसे. मात्र यातून भाबडे चित्रही रंगवायला नको. १९६३ साली लोक त्याच्या दारात पोचले तेव्हा त्याच्याजवळ स्वतःची गिटारसुद्धा नव्हती, आणि जमीनदाराच्या शेतात राबणे म्हणजे काय हे गोव्यातल्या कोणत्याही जुन्या कुळाला विचारावे; आमच्याकडे कूळ कायदा यायला १९६४ साल उजाडावे लागले. त्याच्या सौम्य आवाजाला समाधान म्हणणारे लोक ते आवाजातले समाधान आणि पोटातले समाधान यांत गल्लत करतात.

१९५२ साली हॅरी स्मिथ या संग्राहकाने जुन्या तबकड्यांतली चौऱ्याऐंशी गाणी निवडून एक संच काढला आणि त्यात हर्टची दोन गाणी घातली. शहरातली तरुण मुले ती ऐकून वेडी झाली. गायक केव्हाच वारला असेल अशी सर्वांची समजूत होती. पुढे ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’ची प्रत वॉशिंग्टनच्या दोन हौशी तरुणांच्या हाती लागली. गाण्यात गावाचे नाव होते, पण चालू नकाशांत ते सापडेना. शेवटी एका जुन्या नकाशांच्या पुस्तकात मिळाले. त्यांच्यापैकी टॉम हॉस्किन्स १९६३ च्या वसंतात गाडी घेऊन तिथे गेला, चौकशी केली, आणि जॉन हर्ट जवळच राहतो असे त्याला सांगण्यात आले. वॉशिंग्टनहून आलेला हा गोरा पोरगा सरकारी तपासाचा माणूस असावा, असे वाटून हर्ट घाबरला. त्या भीतीला हसू नये. त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्याच राज्यात, जॅक्सन शहरी, मेडगर एव्हर्स या नागरी हक्कांच्या कार्यकर्त्याला घराच्या दारात गोळी घातली गेली. हॉस्किन्सने बरोबरची गिटार त्याच्या हाती दिली. बोटे आखडलेली होती, पण अंगठा ओळखू आला.

पुढचे सगळे तीन वर्षांत उरकले. जुलै १९६३ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात टोपी घातलेला हा सत्तरीचा म्हातारा हजारो लोकांसमोर बसला आणि ओसरीवर गायचा त्याच आवाजात गायला. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याची कितीतरी गाणी नोंदवून घेतली, व्हॅनगार्ड कंपनीने तबकड्या काढल्या, दूरचित्रवाणीवर जॉनी कार्सनच्या कार्यक्रमात तो दिसला. न्यूपोर्टवाल्यांनी त्याला हवी ती गिटार निवडायला सांगितले, तेव्हा दुकानातल्या भारी भारी वाद्यांतून त्याने गिल्ड कंपनीची एक साधी गिटार उचलली. काही काळ वॉशिंग्टनमध्ये राहून तो मिसिसिपीला परतला आणि अ‍ॅव्हलॉनजवळच्या ग्रेनाडा या गावी २ नोव्हेंबर १९६६ रोजी वारला.

हा सगळा वृत्तांत मी काकांना सांगितला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला, उरलेल्या सुपाऱ्या पोत्यात भरल्या आणि विचारले, तो तिकडे गात हिंडत होता तेव्हा इकडे त्याची गुरे कोणी सांभाळली. मी दुसरे गाणे लावले.