धरणात किती, नळाला किती

जुलै उजाडला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत रोज एक छोटा तक्ता छापून येतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत किती टीएमसी पाणी साठले, ते क्षमतेच्या किती टक्के आहे आणि गतवर्षी याच दिवशी किती होते, एवढेच त्यात असते. पण साऱ्या शहराचा जीव त्या आकड्यांत अडकलेला असतो. साठा गतवर्षीपेक्षा जास्त दिसला की आपण निर्धास्त होतो आणि कमी दिसला की पाणीकपातीची चर्चा सुरू होते. पाणी पुरेसे आहे का, हे ठरवताना आपण मागच्या वर्षाकडे पाहतो, गरजेकडे मात्र पाहत नाही, आणि ही सवय मला चिंताजनक वाटते.

एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी मापदंड धरला, तर एका टीएमसीत पावणेसहा लाख माणसांची वर्षभराची गरज भागते. पुण्याची वस्ती ५० लाख मानली तरी नऊ टीएमसी पुरावेत, आणि चारही धरणांची एकत्रित क्षमता तर सुमारे २९ टीएमसी आहे. इथवर हिशेब केला की मनाला स्वस्थता येते. पण तेच पाणी उजव्या कालव्यातून हवेली, दौंड आणि इंदापूरच्या शेतीलाही जाते. तिथला शेतकरी टीएमसी मोजत नाही, आवर्तने, म्हणजे कालव्यातून पाणी सोडण्याच्या पाळ्या, मोजतो. उन्हाळ्यात एक आवर्तन मिळणार की दोन, यावर त्याचा ऊस किंवा चाऱ्याचे पीक टिकते. आपल्या 'पुरेसे' या शब्दात त्याचा वाटा धरलेला असतो का, हा प्रश्न दर वर्षी पाणीवाटपाचा विचार करणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीपुरता उपस्थित होतो आणि पुन्हा मागे पडतो.

शहराच्या आतही एकच आकडा सर्वांना सारखा लागू पडत नाही. चाळीस सदनिकांच्या सोसायटीत घरटी चार माणसे धरली, तर मापदंडानुसार रोज २१,६०० लिटर पाणी लागते, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर आणून वर थोडे कमीच पडते. उपनगरांतील कित्येक कुटुंबे धरणे काठोकाठ भरलेली असतानाही हा खर्च सोसतात. उलट नदीकाठच्या रहिवाशांना 'शंभर टक्के' हा आकडा दिलासा देत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्या दिवसाच्या आठवणी ज्या घरांत आजही सांगितल्या जातात, तिथे साठ्याआधी विसर्गाचे क्युसेक, म्हणजे धरणातून सेकंदाला किती घनफूट पाणी सोडले जात आहे, ते वाचले जातात. २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरल्यापासून नव्या पिढीलाही ती सवय लागली असावी.

म्हणून त्या तक्त्यात आणखी एक रकाना असावा, असे मला मनापासून वाटते: कोणत्या भागात कालच्या दिवशी माणशी किती लिटर पाणी पोहोचले. समान पाणीपुरवठा योजनेत घरोघरी जलमापक बसवण्याचे काम हाती घेतलेले आहे, त्यामुळे ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. महापालिकेने विभागवार नोंदी नियमित प्रसिद्ध कराव्यात, आणि तोवर प्रत्येक सोसायटीने आपला रोजचा वापर माणशी लिटरमध्ये सूचनाफलकावर लिहायला सुरुवात करावी.