माटुंग्याची रविवारची कॉफी

रविवार, रात्रीचे साडेनऊ.

आज साडेसहालाच घर सोडलं. रविवारी माटुंग्याला जायचं तर लवकर निघालेलं बरं. दुपारच्या मेगाब्लॉकच्या, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद असतात त्याच्या आत परतता येतं, आणि आठ वाजून गेले की कॅफे मद्रास या दाक्षिणात्य हॉटेलच्या बाहेर फुटपाथवर उभं राहायला जागा उरत नाही. भांडुपहून स्लो लोकल पकडली. माटुंग्याला फास्ट थांबतच नाही. खिडकी मिळाली, पाऊस बारीक होता. समोरच्या बाई लोकरीचं काहीतरी विणत होत्या, जुलैच्या घामात, नातवंडासाठी असावं.

माटुंगा स्टेशन २०१७ पासून बायकाच चालवतात. तिकीट खिडकी, तपासनीस, अनाउन्समेंट, सगळीकडे बायका. सुरुवातीला मी उतरले की मुद्दाम थांबून बघायचे. आता त्याकडे लक्षही जात नाही, आणि असं लक्ष न जाणं मला फार मोलाचं वाटतं.

बाहेर आलं की आधी मोगऱ्याचा वास येतो, मग ओल्या केळीच्या पानांचा. फुलवाले सकाळपासून बोटाला दोरा गुंडाळून बसलेले असतात. शेवग्याच्या शेंगा, केळफूल, कच्ची केळी, कढीपत्त्याच्या मोठाल्या जुड्या. मी एक गजरा घेतला, आईसाठी. तिथून किंग्ज सर्कलपर्यंत चालत जाते. या चौकाचं नाव माहेश्वरी उद्यान आहे, बसवर तसं लिहिलेलंही असतं, पण टॅक्सीवाल्याला सांगताना तोंडून किंग्ज सर्कलच येतं. नवीन माणसाला हा भाग समजावताना माझा नेहमी गोंधळ उडतो. मध्य रेल्वेवर माटुंगा, पश्चिमेवर माटुंगा रोड आणि हार्बरच्या फाट्यावर किंग्ज सर्कल. चुकून भलत्याच स्टेशनवर उतरलेली पाहुणेमंडळी मी दोनदा शोधून आणली आहेत.

कॅफे मद्रास १९४० सालचं. बाहेर एक मुलगा वही घेऊन उभा असतो. नाव सांगायचं, किती माणसं ते सांगायचं आणि थांबायचं. आज माझ्या आधी सात-आठ नावं होती. मी एकटी होते म्हणून लगेच आत घेतलं. "मॅडम, शेअरिंग चलेगा?" त्यानं विचारलं. मी मान हलवली.

माटुंग्याला यावंसं वाटतं ते या शेअरिंगसाठी. चौघांचं टेबल, त्यावर एका बाजूला नवरा-बायको, दुसऱ्या बाजूला एक आजोबा, आणि त्यांच्या शेजारी मी. ओळखदेख नाही. पण चटणीची वाटी सरकवावी लागते, पाण्याचा जग पुढे करावा लागतो, आणि तेवढ्यानंच माणसं एकमेकांकडे बघू लागतात. लोकलमध्ये माझ्या खांद्याला खांदा लावून रोज शेकडो माणसं उभी असतात, सगळ्यांची नजर मोबाइलमध्ये. इथं तीच माणसं समोरासमोर बसून खातात. नवीन झालेल्या काचेच्या कॅफेंत मी जाते, तिथली कॉफी चांगली असते, बसायलाही ऐसपैस. पण तिथं प्रत्येकाचं टेबल वेगळं. अनोळखी माणसाच्या ताटाशेजारी आपलं ताट, हे सुख तिथं मिळत नाही.

मी नाचणीचा डोसा घेतला. कॉफी शेवटी सांगितली.

कॉफी आली तशी आजोबांनी माझा हात बघितला. मी पेला मधोमध धरला होता आणि चटका बसून सोडला होता. "वर धरा," ते मराठीतच म्हणाले. पेल्याची कड बाहेर वळलेली असते, तिथं अंगठा आणि दोन बोटं. मग त्यांनी आपला पेला उचलून खालच्या दवऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, सगळी कॉफी ओतली, दवऱ्यातून परत पेल्यात. तीनदा, हातभर उंचीवरून, एक थेंब बाहेर नाही. तळाची साखर ढवळली गेली, कॉफी पिण्याजोगी निवली आणि वर बारीक फेस धरला. चमच्याची गरजच नाही. मी करून पाहिलं, चार बोटांची उंची जमली. त्यांनी समाधानानं मान डोलावली आणि पेपर उघडला. पुढं आम्ही काहीच बोललो नाही. उठताना त्यांनी माझ्या छत्रीचा दांडा टेबलाच्या पायातून सोडवून हातात दिला.

परतताना कॉफीच्या दुकानात गेले. तिथं आधी एकच प्रश्न: "चिकोरी किती?" चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं. त्यात कॅफिन नसतं, पण रंग गडद येतो आणि कॉफीला दाटपणा येतो. मी ८०-२० घेते, ऐंशी टक्के कॉफी. बियांत निम्मी प्लांटेशन ए नावाची प्रत, निम्मी पीबेरी. कॉफीच्या फळात एरवी दोन बिया चपट्या बाजूंनी एकमेकींना टेकून असतात. कधी एकच धरते, ती गोल राहते, तीच पीबेरी. दुकानदारानं मूठभर हातावर ओतून दाखवली, मटारासारखे गोलसर तपकिरी दाणे. दळण गरम असतं. पाव किलोची पुडी पर्समध्ये न टाकता मी पोटाशी धरून आणली, आणि गाडीत विणणाऱ्या बाईंसारखीच दुसरी एक बाई पुन:पुन्हा माझ्याकडे बघून हसत होती. वासानं डबा भरला होता.

आमच्या घरी कॉफी म्हणजे जायफळाची. दुधात उकळलेली, वेलदोडा घातलेली, एकादशीला किंवा पाहुणे आले की. डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला कॉफीचा अर्क, हा शब्दही मला तिशीनंतर कळला. पहिल्यांदा फिल्टर आणला तेव्हा पावडर घट्ट दाबली होती, तासाभरात जेमतेम चमचाभर अर्क उतरला. आता हात बसलाय. पावडर वरच्या भांड्यात सैल ठेवायची, चकती हलकेच टेकवायची, उकळतं पाणी गोल फिरवत ओतायचं आणि झाकण लावून विसरून जायचं. वीस मिनिटांनी खालचं भांडं काळंभोर.

संध्याकाळी आईला करून दिली. गुडघ्यांमुळे तिला आता जिने उतरणं होत नाही, म्हणून माटुंगा पुडीतून घरी येतं. गजरा तिनं देवापाशी ठेवला होता, त्यातली दोन फुलं काढून स्वतःच्या केसांत खोवली. मी कॉफी दोनदा वरून ओतून फेस आणला, या वेळी वीतभर उंचीवरून. तिनं वास घेतला, एक घोट घेतला, आणखी एक घेतला.

"छान आहे गं. पण जायफळ कुठंय?"

मी किसणी आणून दिली. तिनं वरून चिमूटभर किसलं आणि पेला कडेला धरून, सावकाश, सगळी संपवली.

उद्या सोमवार. थोडं डिकॉक्शन फ्रीजमध्ये ठेवलंय, दोन पेल्यांपुरतं.